पदवीधर मुलांनी मिळेल ती नोकरी धरावी काय?

(धाराशिव जिल्ह्यातील एका गावी, सुगी आटोपल्यावर शाळेच्या पटांगणात भरलेल्या सभेत एका प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण.)



आज येथे बोलण्यास उभे राहण्याचे कारण एक साधा प्रश्न आहे. काही दिवसांपूर्वी आमच्या गावचे एक शेतकरी गृहस्थ दिवेलागणीच्या वेळी आमच्या ओट्यावर येऊन बसले. जमीन तीन एकर, कोरडवाहू. मुलगा विज्ञानाचा पदवीधर. तीन वर्षे पुण्यास राहून स्पर्धा परीक्षा देत आहे. दोनदा थोडक्या गुणांनी मागे राहिला. आता चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत महिना सोळा हजारांचे काम मिळत आहे. पण मुलगा म्हणतो, पदवी घेऊन यंत्रापुढे उभा राहणार नाही, आणखी एक वर्ष द्या. बाप आम्हांस विचारीत होता, "गुरुजी, पोरगं चुकतंय का बरोबर हाय, ते मला आडाण्याला कळंना. पर एक सांगा, एकरभर ईकू का नको?"

बंधूंनो, हा प्रश्न एका घरचा नाही. सुताराच्या, कुंभाराच्या, धनगराच्या, मराठ्याच्या, महाराच्या, मुसलमानाच्या, ज्या ज्या घरी पहिल्यानेच पदवी आली, त्या प्रत्येक घरी आज हाच प्रश्न चुलीपाशी बसला आहे. म्हणून ओट्यावर द्यावयाचे उत्तर आम्ही येथे, सर्वांसमक्ष देत आहो. चुकले तर सभेने दुरुस्त करावे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगतो. नोकरी मिळत नाही हा मुलांचा अपराध नव्हे. गावच्या पारावर बसून "शिकून काय उपयोग झाला?" असे टोमणे मारणाऱ्यांनी थोडा हिशेब करावा. २०२३ साली राज्यात तलाठ्यांच्या ४,६४४ जागांची जाहिरात निघाली, आणि फी भरून अर्ज करणारे निघाले दहा लाखांहून अधिक. म्हणजे एका जागेस सव्वादोनशेच्या आसपास उमेदवार. फी एक हजार, मागासवर्गीयांस नऊशे. गरिबांच्या खिशातून केवळ फीपोटी शंभर कोटींच्या आसपास रक्कम गेली! पुढे २०२४ साली पोलीस खात्यात १७,४७१ जागा निघाल्या, तर अर्ज आले सतरा लाखांच्या वर. एका जागेस शंभर. आता शंभरही मुले अर्जुनासारखी नेमबाज असली, तरी नव्याण्णव घरी परत येणारच. ही परीक्षा नव्हे, ही चाळण आहे. आणि चाळणीत दाणा राहिला नाही म्हणून त्याला कोंडा म्हणणे हा अन्याय आहे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२४ साली हिंदुस्थानातील रोजगाराविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात २०२२ सालचे आकडे आहेत. लिहितावाचता न येणाऱ्या तरुणांत बेकारीचे प्रमाण शेकडा ३.४, आणि पदवीधर तरुणांत शेकडा २९.१! अडाण्यास बसून राहणे परवडत नाही, म्हणून तो मिळेल ते काम करतो. शिकलेला चांगल्या कामाची वाट पाहतो. त्यात २०२३ नंतर संगणकाच्या मोठमोठ्या कंपन्यांनी नव्या पदवीधरांची भरती आखडती घेतली. इकडे आपल्या भागात सोयाबीनचा भाव पडला, आणि २०२५ च्या सप्टेंबरात भूम-परंड्याकडे अतिवृष्टीने व पुराने पिकांबरोबर मातीही वाहून नेली. शहरात मंदी आणि गावात नुकसान, दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

आता सरकारी नोकरीचा हा ध्यास आपल्या लोकांस का लागला, तेही पाहू. पुष्कळ शहाणे लोक वर्तमानपत्रांतून आम्हांस उपदेश करतात की, बहुजनांची मुले सरकारी खुर्चीच्या मागे वेडी झाली आहेत. हा उपदेश करणाऱ्यांच्या तीन तीन पिढ्या त्याच खुर्चीवर बसून निवृत्त झाल्या, हे ते सोयीस्कर विसरतात. जोतीराव फुल्यांनी "शेतकऱ्याचा असूड" लिहिला, तो सरकारी खात्यांत एकाच जातीचा भरणा झाल्यामुळे रयतेचा गळा कसा कापला जातो हे दाखविण्यासाठीच. शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूर दरबारच्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा पन्नास मागासलेल्यांसाठी राखून ठेवल्या, त्याचेही कारण तेच. आपला हा जिल्हा तर १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. मराठी बोलणाऱ्या कुणब्याच्या पोराने कचेरीत कारकून व्हावे ही गोष्ट स्वप्नातही नव्हती. अशा मुलखात तलाठी, ग्रामसेवक, फौजदार आपल्या घरचा झाला, तर बापाच्या डोळ्यांत पाणी का येऊ नये? तेव्हा परीक्षा देणाऱ्या मुलांची थट्टा आम्ही करणार नाही. त्या जागा आपण लढून मिळविल्या आहेत, आणि त्यांवरचा हक्क सोडावयाचा नाही.

परंतु हक्क सांगणे निराळे आणि त्या हक्कापायी हाती आलेले काम लाथाडणे निराळे. आमचे म्हणणे येथून सुरू होते.

"हलके काम" हा शब्द आपल्या मुलांच्या तोंडी कोठून आला? घाम गाळून केलेले काम हलके आणि बसून केलेले काम भारी, हा विचार आपल्या बापजाद्यांचा नव्हे. ज्यांनी आपल्या बापजाद्यांस हजारो वर्षे पायाशी बसविले, त्यांचा हा विचार आहे. आपल्याच जिल्ह्यातील तेरचे गोरोबाकाका संत म्हणून साऱ्या महाराष्ट्रास वंद्य झाले. पण त्यांनी चाक सोडले नाही आणि माती तुडविणे सोडले नाही. पदवीचा कागद हाती येताच सुताराच्या मुलास बापाच्या रंध्याची लाज वाटू लागली, तर समजावे की कागद आपल्या हाती आला, पण डोके दुसऱ्याच्या ताब्यात गेले. १९७२ च्या दुष्काळात या भागातील घरंदाज कुळंबी माणसे बायकामुलांसह खडी फोडण्यास गेली. त्यांची इभ्रत गेली काय? उलट त्या कष्टकऱ्यांच्या रेट्यातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेची रोजगार हमी योजना राज्यभर रुजली, आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. काम मागणे हा माणसाचा हक्क आहे ही गोष्ट खडी फोडणाऱ्यांनी सरकारच्या गळी उतरविली.

आपल्या पुढाऱ्यांची चरित्रे पाहा. खुद्द जोतीराव शाळा चालवीत होते, तेव्हा पोटासाठी बांधकामाचे ठेके घेत होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामावर मजुरांत उभे राहून त्यांनी जे पाहिले, ते कोणत्याही पुस्तकात नव्हते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी रेल्वेत व पोस्टात चाकरी केली, नंतर मुंबईत मांडवीच्या कापडगिरणीत कोठारावर काम धरले. ती काही मोठी नोकरी नव्हती. पण गिरणीत राहिल्यामुळेच मजुरांचे हाल त्यांस दिसले. मग त्यांनी "दीनबंधु" पत्र हाती घेतले, गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि १० जून १८९० पासून गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळवून दिली. आज ज्यांस रविवारची सुटी मिळते, त्या सर्वांनी हे नाव लक्षात ठेवावे. कर्मवीर भाऊराव पाटील यांची तर मॅट्रिकही पूर्ण झाली नव्हती. साताऱ्यास त्यांनी शिकवण्या केल्या, पुढे ओगल्यांचे कंदील व किर्लोस्करांचे नांगर गावोगाव फिरून विकले. त्या फिरतीत खेड्यांतील अज्ञान त्यांनी घरोघर पाहिले, आणि १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. नांगर विकणारा माणूस हजारो शाळकरी मुलांचा बाप झाला.

कोणी म्हणेल, गुरुजी, ही थोर माणसे, आमच्यासारख्यांचे काय? शंका रास्त आहे. थोरांच्या गोष्टी सांगून गरिबास कमी पगारावर राबविणे ही मालकांची जुनी युक्ती आहे. म्हणून सामान्य मुलांचे काय होते, हेही पाहू.

कॅनडा देशात अर्थशास्त्रज्ञांनी मंदीच्या काळात कॉलेजातून बाहेर पडलेल्या तरुणांचा अनेक वर्षांचा हिशेब मांडला, आणि तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यांस असे आढळले की, मंदीत बाहेर पडलेल्या मुलांची मिळकत सुरुवातीस शेकडा नऊच्या सुमारे कमी असते. पाच वर्षांत ही तूट निम्म्यावर येते आणि दहा वर्षांत बहुतेक भरून निघते. पण ती कशी भरून निघते? पहिल्या नोकरीस चिकटून बसल्याने नव्हे. तीत अनुभव मिळवून पुढे चांगल्या ठिकाणी सरकल्याने. आणि ज्यांचे शिक्षण बाजारात कमी मोलाचे ठरते, त्यांस ही तूट फार वर्षे सोसावी लागते.

उलट बाजूचे उदाहरण जपानचे. तेथे १९९० नंतर मोठी मंदी आली. कंपन्यांची रीत अशी की, कॉलेजातून ताज्या निघालेल्या मुलांनाच पक्क्या नोकऱ्या द्यावयाच्या. त्या वर्षांत ज्यांचा नंबर हुकला ते तात्पुरत्या कामांत अडकले, आणि पुष्कळांस पुढे पक्के काम लाभलेच नाही. ती मुले चाळिशीला टेकली, तेव्हा २०१९ साली जपान सरकारास त्यांच्यासाठी खास योजना आखावी लागली.

या दोन देशांपासून आपण काय घ्यावे? काम धरावे, हे एक. पण ज्या कामातून पुढे वाट नाही तेथे रुतून बसू नये, हे दुसरे. दगडापेक्षा वीट मऊ खरी. पण वीट भाजलेली आहे की कच्ची, हे हातात घेऊन पाहिल्यावाचून भिंतीस लावू नये. हे आमच्या गवंडीबांधवांस सांगणे नको.

येथे एखादा मुलगा मनात म्हणत असेल की, गुरुजींचे काय जाते? स्वतः सरकारी पगार घेतात आणि आम्हांस चाकणला पाठवितात! तर बाळांनो, आमचीही गोष्ट ऐका. अध्यापक विद्यालयातून पास होऊन आम्ही बाहेर पडलो, तेव्हा नेमणूक नव्हती. बाजारातील एका आडतीवर हिशेब लिहिण्याचे काम मिळत होते. आम्ही नाकारले. शिकविण्याचे शिक्षण घेतलेल्याने पोत्यांवर बसून तागडीचे आकडे लिहावे काय, असा आमचा ताठा! त्या ताठ्यापायी वर्षभर आम्ही घरी बसलो, आणि आमची आई दुसऱ्याच्या रानात खुरपण्यास जात राहिली. संध्याकाळी तिने आणलेल्या मजुरीची भाकरी खाताना आमच्या पदवीस लाज वाटली नाही. लाज वाटली ती फक्त आडतीची! एके दिवशी तिच्या बोटाला खुरपे लागले, चिंधी बांधून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाली, तेव्हा आम्ही मुकाट्याने आडतीवर गेलो. तेथे जे शिकलो ते पुढे वर्गात उपयोगी पडले. हमाली, तोलाई, कडता म्हणजे काय, पट्टीत शेतकऱ्याचे पैसे कोठे कोठे गळतात, हे आम्ही आज चौथीच्या मुलांना वजाबाकीत शिकवितो. पुढे शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे तुटपुंज्या मानधनावर काढली, मग कायम झालो. तेव्हा आम्ही जे सांगतो ते वर बसून सांगत नाही. ते वाया घालविलेले वर्ष परत मिळाले असते, तर आईस आम्ही रानात जाऊ दिले नसते, एवढेच आमचे दुःख.

आता कोणते काम धरावे व कोणते धरू नये, याची कसोटी सांगतो. मंदी आहे म्हणून वाटेल त्या दावणीस मान द्यावी, असे आमचे मुळीच म्हणणे नाही.

पहिली गोष्ट. जे काम मिळविण्यास आपणच पैसे मोजावे लागतात, ते काम नव्हे, तो सौदा आहे. विनाअनुदानित शाळांचा प्रकार आपणा सर्वांस ठाऊक आहे. कोठे कोठे जमीन विकून संस्थेच्या चालकास लाखो रुपये द्यावयाचे, आणि आज ना उद्या अनुदान येईल या आशेवर दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे बिनपगारी शिकवावयाचे. दिवसा शाळेत "सर" आणि सुटीत परक्याच्या रानात मजूर, असे आमचे कित्येक भाऊ आम्ही पाहिले आहेत. अशा ठिकाणी पाऊल टाकू नका. कमी पगार सोसता येतो, बिनपगार सोसू नये.

दुसरी गोष्ट. नेमणुकीचे पत्र मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या कामगार संहितांनी प्रत्येक कामगारास असे पत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. पगार बँकेत जमा होतो काय, भविष्यनिर्वाह निधीचा आकडा आपल्या नावे पडतो काय, दवाखान्याच्या विम्याचे कार्ड मिळते काय, हे पहिल्याच महिन्यात तपासा. ठेकेदार असो की साहेब, मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही हवाली करू नका. नक्कल द्या, अस्सल आपल्या पेटीत ठेवा.

तिसरी गोष्ट. त्या कामात हात किंवा डोके काही शिकते काय, हे पाहा. यंत्राची दुरुस्ती, हिशेब, मालाची तपासणी, गिऱ्हाइकाशी बोलणे, यांपैकी एक तरी गोष्ट अंगी लागत असेल, तर सोळा हजारांचे काम पुढे पंचवीस हजारांच्या कामाचे दार होते. वर्षभर करूनही जेथे पहिल्या दिवसापेक्षा अधिक काही येत नाही, तेथून निघण्याची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवावी.

चौथी गोष्ट. मुदतीचे काम मुदतीचे म्हणूनच घ्या. सरकारने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावी झालेल्यास महिना सहा हजार, आयटीआय व पदविकावाल्यास आठ हजार, पदवीधरास दहा हजार. मुदत प्रथम सहा महिने होती, मग ती अकरा महिन्यांवर नेली. शाळांत, ग्रामपंचायतींत, कचेऱ्यांत आपली मुले लागली. पण पुष्कळांनी ती कायम नोकरीची पहिली पायरी मानली, आणि मुदत संपताच त्यांस रस्त्यावर येऊन कायम करा म्हणून मोर्चे काढावे लागले. योजनेत जाऊ नये असे आम्ही म्हणत नाही. तेथील अनुभवाचा दाखला घ्यावा, आणि दुसरीकडचे अर्ज थांबवू नयेत.

आता आईबापांस दोन शब्द. मुलगा पुण्यास असतो, तेव्हा त्याचा खर्च आणि आपले रान यांचा हिशेब एकाच कागदावर मांडा. आमच्याकडे आलेल्या गृहस्थांनी सांगितले की खोली, खानावळ, अभ्यासिका व क्लास मिळून महिना नऊ हजार लागतात. म्हणजे वर्षास एक लाख आठ हजार. २०२४ च्या सुगीत सोयाबीनचा सरकारी हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि बाजारात कित्येकांस तोही मिळाला नाही. हमीभावाने धरले तरी बावीस क्विंटल सोयाबीन एका वर्षाच्या परीक्षेस लागते. कोरडवाहू एकरी सहा क्विंटल धरले, तर तीन एकरांत अठरा. म्हणजे बी, खत, फवारणी, मळणी यांचा एक पैसाही वजा न करता सारे शेत पुण्यास गेले, तरी चार क्विंटलची तूट! ही तूट भरण्यास एकर विकावे, तर पुढील साली दोनच एकर राहणार. मुलास हा हिशेब कोणी दाखविला आहे काय? बाप लाजेने दाखवीत नाही, आणि मुलगा भीतीने विचारीत नाही. दोघांनी एकदा समोरासमोर बसावे.

परीक्षा द्याव्या, पण किती साले आणि किती वेळा हे घरात बसून आधी ठरवावे. ती मुदत संपली म्हणजे काम धरावे, आणि कामावर राहून वयाची अट आहे तोवर अर्ज भरीत राहावे. पहाटेचे दोन तास आणि सुटीचा दिवस अभ्यासास पुरत नाही, हे खरे. पण रिकामे पोट, बापाचे कर्ज आणि मनाचा घोर, यांच्या संगतीत केलेला दहा तासांचा अभ्यासही फळत नाही, हेही तितकेच खरे.

मुलींविषयी न बोललो तर हे भाषण अर्धे राहील. मुलास कमी पगाराची नोकरी मिळाली तर आपण "तूर्त धर" म्हणतो, मुलीस मिळाली तर "एवढ्याशा पगारावर इतक्या लांब कशाला?" म्हणून तिचे लग्न लावून मोकळे होतो. सावित्रीबाईंनी शेण व दगड सोसून मुलींस शिकविले, ते केवळ लग्नपत्रिकेवर नावापुढे पदवी छापण्यासाठी नव्हे. बारा हजारांची का होईना, स्वतःची मिळकत असलेली मुलगी सासरी मान ताठ ठेवून राहते. राहण्याची जागा सुरक्षित आहे एवढे पाहावे, आणि तिलाही जाऊ द्यावे.

आणि लग्नाचे निघालेच म्हणून कटू बोलतो, राग मानू नये. कारखान्यात राबणाऱ्या, दुकान चालविणाऱ्या, शेळ्या पाळून चार पैसे गाठीस बांधणाऱ्या मुलास आपण मुलगी देत नाही, आणि सरकारी शिपायास हुंड्यासह देतो. आपल्या उस्मानाबादी शेळीची कीर्ती परमुलखांत आहे, भूमचा खवा दूरवर जातो. पण तो धंदा करणाऱ्या पदवीधरास सोयरीक मिळत नाही! मग मुलांनी "हलके काम" म्हणून नाक मुरडले तर दोष कोणाचा? मुलांच्या डोक्यात हे किडे आपणच सोडले आहेत. ते आपणच काढावे लागतील.

शेवटी सरकारविषयी. आम्ही मुलांस काम धरा म्हणतो, यावरून सरकार सुटले असे कोणी समजू नये. शाळांत गुरुजी कमी, दवाखान्यांत परिचारिका कमी, आणि पदवीधर रिकामे, हा उलटा कारभार आहे. रिकाम्या जागा वेळेवर भरा, परीक्षांचे वेळापत्रक पाळा, पेपर फोडणाऱ्यांस शिक्षा करा, ही मागणी सोडावयाची नाही. मागणी केली म्हणजे ऐकावे लागते. ६ सप्टेंबर २०२३ रोजी सरकारने खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला होता. राज्यभर ओरड झाली आणि ऑक्टोबरात तो रद्द करावा लागला. शिक्षणसेवकांचे मानधन वर्षानुवर्षे सहा हजारांवर अडकले होते, ते २०२३ साली प्राथमिकास सोळा हजार झाले. तेही मागितल्यावाचून नव्हे. काम करणाऱ्याने मागणी करू नये असे थोडेच आहे? लोखंड्यांनी गिरणीत राहूनच गिरणीविरुद्ध आवाज उठविला. घरी बसलेल्याच्या मोर्चापेक्षा कामावर असलेल्यांच्या एकीस मालक अधिक भितो.

आता त्या गृहस्थांस उत्तर. पाव्हणं, एकर विकू नका. जमीन गेली म्हणजे परत येत नाही. परीक्षा दर साली येते. मुलगा चुकत आहे असेही म्हणू नका. तो तुमचेच स्वप्न उराशी धरून बसला आहे. त्यास म्हणा, बाळा, आधी नेमणुकीचे पत्र दाखव, पगार बँकेत येतो हे पाहा, मग जा. वर्षभर कर, काही शीक, चार पैसे राख, अर्ज भरीत राहा. जागा मिळाली तर सारा गाव तुला वेशीवरून वाजतगाजत आणील. नाही मिळाली तर तू यंत्र जाणणारा माणूस होऊन येशील. रिकाम्या हाताने येणार नाहीस.

आणि बाळा, तूही येथे बसला आहेस, हे आम्हांस ठाऊक आहे. यंत्रापुढे उभे राहिल्याने तुझी पदवी पुसली जात नाही. जी पदवी घामाच्या एका थेंबाने पुसली जाते, ती आम्ही तुला शिकविलीच नव्हती.